कळव्यातली गिरणी : पाणी उतरल्यानंतरच्या नोंदी

ठाण्याजवळ कळव्यात खाडीच्या अंगाला सखल गल्लीत आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, १९८८ साली टाकलेली. सोळा इंची दगडाची एक चक्की (दहा एचपी मोटार), एक पल्व्हरायझर, म्हणजे बिनदगडाचं लोखंडी दळणयंत्र (पाच एचपी) आणि मिरचीसाठी डंका. गाळा दहा बाय सोळाचा. मी आधी एका कंपनीत अकाउंट्स बघायचे, आता गिरणीचा हिशेब आणि सकाळची पाळी माझी. या नोंदी रोजमेळाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलेल्या. मोटारवर चालणारं काहीही ज्यांचं पाण्यात गेलंय त्यांना उपयोग होईल म्हणून साफ करून उतरवते आहे. रकमा आमच्या भागातल्या, तुमच्याकडे थोड्या इकडेतिकडे होतील.

२५ जुलै, गुरुवार

सकाळपासून पाऊस थांबलेला नाही. गुरुपौर्णिमा रविवारी झाली, उधाण अजून उतरलेलं नव्हतं. दुपारच्या भरतीला नाल्याला खाडीत जायला वाटच उरली नाही आणि पाणी मागे फिरलं.

पाणी दारातून येतं असं सगळे धरून चालतात. आमच्याकडे ते आधी मोरीच्या भोकातून आलं. आम्ही दारात गोणपाट रचून रस्त्याकडे बघत होतो आणि मागे घोटाभर झालेलं होतं.

मेन स्विच पाडला. चक्कीचा पट्टा काढला, पण मोटारचे बोल्ट गंजलेले, पाना फिरेना. वर काय गेलं : रोजमेळ, उधारीची वही, शॉप अ‍ॅक्ट आणि अन्न परवान्याचे कागद, तयार पिठाची थोडी पाकिटं. इलेक्ट्रॉनिक काटा खालीच राहिला. पाणी कमरेच्या वर गेलं आणि रात्री ओहोटीबरोबर ओसरायला लागलं.

२६ जुलै, शुक्रवार

तारीख कळव्यात कोणाला सांगावी लागत नाही. २००५ साली याच दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हाच्या पाण्याची खूण नानांनी छिन्नीने मागच्या भिंतीवर कोरून ठेवली आहे. कालचं पाणी तिच्या फक्त वीतभर खाली थांबलं. पाऊस त्या दिवसाच्या जवळपासही नव्हता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. २००५ नंतर नानांनी जोतं दीड फूट उचललं, तेव्हा गाळा रस्त्याच्या वर आला. पुढे रस्त्यावर डांबराचे थर चढले, मग काँक्रीट झालं. आज रस्ता आमच्या उंबऱ्यापेक्षा चार बोटं वर आहे. गल्लीतले दोन दुकानदार पुन्हा जोतं उचलायचं म्हणताहेत. आमचं ठरलं की जमीन आहे तिथेच ठेवायची आणि महागाच्या वस्तू वर न्यायच्या.

आधी फोटो काढले. काहीही हलवायच्या आधी. भिंतीवर पाण्याची रेघ, तिच्याशेजारी उभी धरलेली मोजपट्टी, प्रत्येक मोटारची नंबरप्लेट, भिजलेली पोती, काटा. हे सगळं पुढे कामाला आलं.

मग चिखल. गिरणीचा चिखल वेगळाच असतो. त्यात पीठ मिसळलेलं असतं आणि भिजलेलं पीठ म्हणजे खळ. ओली आहे तोवर खराट्याने निघते, सुकली की पत्र्याला अशी धरते की छिन्नी लागते. म्हणून फरशी सोडून आधी चक्कीचं आवरण, पीठ पडायची नळी, पल्व्हरायझरची जाळी आणि त्याचं पोट उघडलं. नळाच्या गोड्या पाण्याने धुतलं, पुसलं, तेलाचा हात फिरवला. ब्लीचिंग पावडर फक्त फरशीला आणि भिंतीला. शेजारच्या गाळ्यात लोखंडी मशीनवरही ब्लीचिंगचं पाणी मारलं, दुसऱ्या दिवशी सगळं तांबूस.

महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून आम्हा तिघांना डॉक्सिसायक्लिन दिली. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) साथ आली होती, ते डॉक्टरांनीही आठवण करून दिलं. नाना तरी अनवाणीच वावरत होते. शेवटी सासूबाईंनी गमबूट आणून पायाशी ठेवले आणि समोर उभ्या राहिल्या.

२७ जुलै, शनिवार. डबे

यात पैसा मोटारपेक्षा कमी गेला, डोकं जास्त.

गिरणीत गिऱ्हाइकांचे चाळीसच्या आसपास डबे होते. गहू, ज्वारी, थोडी नाचणी, दोन डब्यांत थालिपिठाची भाजणी. लोक सकाळी डबा ठेवून जातात आणि संध्याकाळी दळण नेतात. गुरुवारी पावसामुळे न्यायला कोणी आलंच नाही. डब्यांवर नावाऐवजी ऑइलपेंटने इमारत आणि फ्लॅट नंबर असतो, त्यामुळे कोणाचा कुठला ते कळलं. आत किती होतं ते कसं कळणार?

बरेच डबे उलटले होते. काही तरंगत राहिले, झाकण घट्ट, आत गहू कोरडा. नाना म्हणाले, "सूनबाई, हा फेकायचा? वास घेऊन बघ, काही झालेलं नाही याला." वास खरंच नव्हता. पण बाहेरचं पाणी गटाराचं होतं, झाकणाच्या कडेने आत काळी रेघ उतरली होती आणि दळण आमच्या हातून लोकांच्या घरी जाणार होतं. "नाना, तुम्ही घरी खाल का याची पोळी?" असं विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही आणि चहाच्या वेळेपर्यंत माझ्याशी बोललेही नाहीत. नंतर स्वतःच पोती ओढायला आले.

आमच्या स्वतःच्या गव्हाच्या पोत्यात हात घातला तर आत गरम लागलं, कोंब फुटायला लागले होते. भिजलेलं धान्य दोन दिवसांपेक्षा जास्त गाळ्यात ठेवू नका, तिसऱ्या दिवशीचा वास भिंतीतून जात नाही. फेकायच्या आधी मात्र पोती मोजा आणि फोटो काढा. रोजच्या घंटागाडीने एवढा माल घेतला नाही, डंपर येईपर्यंत दाराबाहेर ताडपत्रीखाली झाकून ठेवावा लागला. कामाला दोन माणसं घेतली होती, त्यांचे आणि भंगार उचलण्याचे मिळून ४,०००.

भरपाई अशी केली : प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की डब्यात काय आणि किती होतं ते कळवा. गहू ४२ रुपये किलो, ज्वारी ५५. भाजणीचे वेगळे, कारण तिला भाजायची मेहनत असते. एकूण ११,३०० दिले. बऱ्याच जणींनी रोख घेतले नाहीत, पुढच्या दळणात वळते करा म्हणाल्या. सात किलोच्या डब्यात दहा किलो गहू होता असं एकाने लिहिलं. दहाचेच दिले. वाद घालायला त्या दिवशी अंगात जोर नव्हता. आणि हे गृहस्थ दर आठवड्याला येतात.

२९ जुलै, सोमवार

तलाठी पंचनाम्याला आले. शॉप अ‍ॅक्टची नोंदणी, आधार, बँक पासबुक आणि फोटो मागितले. २०२१ च्या महापुरानंतर शासनाने नोंदणी असलेल्या दुकानदारांना ५० हजारांपर्यंत आणि टपरीधारकांना १० हजार मदत जाहीर केली होती. दरवेळी वेगळा आदेश निघावा लागतो. त्यामुळे तो पैसा हिशेबात धरला नाही, पण पंचनाम्याची सहीची प्रत मागून घेतली.

विम्याचं : मुद्रा कर्ज घेतलं तेव्हा बँकेने पॉलिसी काढायला लावली होती. हप्ता खात्यातून परस्पर जायचा, कागद कोणी उघडला नव्हता. आज उघडला. पूर धरलेला आहे, पण विमा फक्त मालाचा. मशिनरीच्या रकान्यात काही नाही. गिऱ्हाइकांचं धान्यही बसत नाही, कारण दुसऱ्याचा ताब्यातला माल वेगळा नमूद करावा लागतो. म्हणजे विम्यात आमची पोती आणि पाकिटं एवढंच.

सर्व्हेअरने खरेदीची बिलं मागितली. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून आणलेल्या मालाची होती. वाशीच्या धान्य बाजारातून टेम्पोने मागवलेल्या एका खेपेची चिठ्ठीच होती, ती त्यांनी बाजूला ठेवली.

१ ऑगस्ट. मोटारी

दोन्ही मोटारी बाहेर काढल्या. भिजलेली मोटार "चालते का बघू" म्हणून कधीही लावू नका. गल्लीतल्या एका भांडीवाल्याने बफिंगची मोटार दुसऱ्याच दिवशी चालवून पाहिली, क्षणात धूर.

दहा एचपीची मोटार ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वाइंडिंगवाल्याकडे (वाइंडिंग म्हणजे मोटारच्या आतले तांब्याच्या तारांचे वेढे) दिली. धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून, व्हार्निश मारून देतो म्हणाला, ३,२००.

पाच एचपीची नानांनी घरी ठेवून घेतली. दोन्ही बाजूंची झाकणं खोलली, रोटर (आतला फिरणारा भाग) बाहेर, वाइंडिंग गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं. आमच्याकडचं पाणी खाडीचं, त्यात मीठ. मीठ आत राहिलं तर वाळलेली मोटारही पुन्हा हवेतली ओल धरते. मग स्टेटर (वाइंडिंगचा न फिरणारा भाग) विटांवर आडवा ठेवून आत दोनशे वॉटचे दोन बल्ब, वाइंडिंगला चिकटणार नाहीत असे टांगून, वरून गोणपाट. वीज वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरातून वायर सोडून. त्यांचं बिल आम्ही भरणार.

५ ऑगस्ट, पहिला श्रावणी सोमवार

श्रावणात गिरणी बंद असं पहिल्यांदाच झालं. लोक उपवासाची भाजणी विचारायला येतात आणि दारातल्या मोटारीवर टांगलेले बल्ब बघून परत जातात.

रोज सकाळी बल्ब बंद करून मोटार थंड झाली की इलेक्ट्रिशियन मेगर (वाइंडिंगमधून वीज मोटारच्या अंगात गळते का ते मोजणारं यंत्र) लावून जातो. पाचशे व्होल्टच्या मेगरवर अंग आणि वाइंडिंग यांच्यात किमान एक मेगाओहम हवा. सुरुवातीला ०.२ होता, मग ०.८, आज ३. वाढतो आहे तोवर बल्ब काढायचे नाहीत, आकडा एका जागी थांबला की वाळली समजायचं, हे नानांचं शास्त्र. इलेक्ट्रिशियननेही मान हलवली.

९ ऑगस्ट, नागपंचमी

वागळे इस्टेटवरून दहा एचपीची मोटार आली. चकचकीत, नवा रंग, सोबत "टेस्ट ओके" लिहिलेली पावती. आकडा नाही. आमच्या माणसाने मेगर लावला : ०.३.

परत पाठवली. पुन्हा भट्टीत घालून आली, थोडी वर गेली, रात्रभर दमट हवेत राहिली की पुन्हा खाली. नानांनी एक स्लॉट (तारा बसतात ती खाच) खरवडून पाहिला तर व्हार्निशच्या थराखाली ओल. म्हणजे वाइंडिंग पुरतं वाळायच्या आधी व्हार्निश मारलेलं होतं आणि पाणी आत कोंडलं गेलं. आता कितीही भाजा, ते निघत नाही. तांबं काढून नव्याने वाइंडिंग करायचं ठरलं, दुसऱ्याकडे. ११,५०० आणि बेअरिंगचे १,९००. पहिल्याने ३,२०० परत दिले नाहीत.

तुम्ही मोटार देत असाल तर व्हार्निशच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही मेगरचे आकडे पावतीवर लिहून मागा, मोटार थंड असतानाचे. जो लिहून देत नाही त्याच्याकडे देऊ नका.

नानांची पाच एचपी आज वीस मेगाओहमच्या वर स्थिर. व्हार्निश ६००, बेअरिंग ९००.

१४ ऑगस्ट, बुधवार

तीन फेज आज आली. भिजलेला मीटर बदलायचा तर आधी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट हवा, आणि तो वायरिंग पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. वायरिंग तर पाण्यातलं. सगळ्यात जास्त दिवस इथे गेले, मशीनमध्ये नव्हे. पाणी उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेकेदार गाठा, मोटारी मागून.

जुनं वायरिंग जमिनीतल्या पाइपातून होतं. वायरी चांगल्या दिसल्या म्हणून फक्त टोकं कापून पुन्हा जोडली, तर गळतीचा ब्रेकर सारखा पडायचा. एकेक लाइन सोडवत गेलो तेव्हा कळलं की पाइपाच्या वाकणात पाणी साठून होतं. जमिनीतलं सगळं सोडून दिलं. आता वायर छतावरून येते आणि प्रत्येक मशीनवर वरून उतरते, बोर्ड सहा फुटांवर, स्टार्टरही तिथेच. १९,५००, स्टार्टर धरून.

पैशांसाठी सासूबाईंनी भिशीतला नंबर पुढे घेतला. भिशीतल्या बायकांनी चिठ्ठीच टाकली नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

पल्व्हरायझर सुरू. सगळा लोखंडी, आत दगड नाही, म्हणून तो वाचला. पट्टा चढवायच्या आधी मोटार मोकळी फिरवून दिशा पाहिली, उलटी फिरत होती. नव्या वायरिंगनंतर हे होतंच, दोन फेज आपापसांत बदलल्या की सरळ.

पहिलं दळण तांदळाच्या कण्यांचं, फेकण्यासाठी. दुसरंही. तिसऱ्याचं पीठ पांढऱ्या कागदावर पसरून पाहिलं, मग ग्लासभर पाण्यात ढवळून तळाशी काही बसतं का ते. स्वच्छ.

दारावर पाटी लावली : तांदूळ, भाजणी, बेसन मिळेल. गहू-ज्वारीला वेळ आहे.

काटा दुरुस्त होऊन आला, पण दुरुस्तीनंतर वैधमापन खात्याची मुद्रा पुन्हा घ्यावी लागते. दोन्हीचे मिळून २,३००. तोवर लोकांनी घरून मोजून आणावं असं सांगितलं. कोणी कुरकुर केली नाही.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

आज उधाण. गल्लीतले आगरी आजोबा पंचांग बघतच नाहीत : पुनव-आवस जवळ आली की उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा भरतीला जोर नसतो. उधाणाच्या दिवशी जोराचा पाऊस असला तरच आमच्या गल्लीत पाणी भरतं, एरवी नाही. कॅलेंडरवर सप्टेंबरअखेरपर्यंतची उधाणं लाल पेनने खुणावली.

मोरीच्या पाइपला उलट पाणी रोखणारा चार इंची व्हॉल्व्ह बसवला होता, आज भरतीला त्याची परीक्षा. बाहेरच्या चेंबरमध्ये पाणी वर आलेलं, मोरी कोरडी. मात्र व्हॉल्व्हच्या झडपेत पिठाचा लगदा अडकला की ती बंद होत नाही, म्हणून त्याच्या आधी जाळी आणि दर शनिवारी सफाई. दाराला दोन्ही बाजूंना लोखंडी खाच आणि त्यात बसणारी रबर लावलेली दोन फुटी फळी. जुन्या दुकानांना फळ्याच असायच्या. दोन्ही मिळून ४,७००. भिंतीतून पाणी झिरपणार ते झिरपणारच, पण पोती हलवायला तासभर मिळाला तरी पुरे.

२३ ऑगस्ट. दगड

दगड पहिल्या दिवशीच काढून हवेला उभे ठेवले होते. वरून कोरडे ठणठणीत. नानांचं म्हणणं, टाकी लावून (छिन्नीने दगडाच्या चऱ्या पुन्हा पाडून) घेऊ, चालतील. टाकी लावणारा आला, त्याने हातोडीच्या दांड्याने दगडावर मारलं आणि कान लावला. आवाज बद्द. चांगला दगड खणखणीत वाजतो. कडेला नखाने पांढरी भुकटी निघत होती.

आपल्या चक्कीचा एमरीचा दगड म्हणजे खाणीतून काढलेला अखंड दगड नव्हे. एमरीचे खडे मॅग्नेसाइट आणि मॅग्नेशियम क्लोराइडच्या मिश्रणात बांधून तो ओततात. कोरड्यात हे बांधकाम वर्षानुवर्षं टिकतं, पण पाण्यात बसलं की बंध सुटायला लागतात आणि वाळल्यावर ते परत येत नाहीत. जुन्या जात्याचा काळा दगड धुऊन चालतो, तो हिशेब इथे लावता येत नाही.

नानांना खात्री हवी होती. टाकी लावून (१,२००) शेजारच्या गिरणीत आमचे दगड चढवून कोंडा दळला, मग थोडा गहू. पीठ पाण्यात ढवळलं, ग्लासाच्या तळाशी राखाडी रेती. दुसऱ्यांदाही तेवढीच. आणखी एक धोका टाकीवाल्याने सांगितला : कमकुवत झालेला दगड पूर्ण वेगात फुटू शकतो आणि तुकडा पत्र्याचं आवरण फाडून बाहेर येतो. त्यानंतर नाना काही बोलले नाहीत. नवी जोडी ८,४००, टाकी लावूनच आली. ओतून सुकवायला लागणारा वेळ नव्हता, नशिबाने तयार मिळाली.

२८ ऑगस्ट. मोटार वर नेली आणि पस्तावलो

चक्कीची मोटार जमिनीऐवजी साडेचार फुटांवर लोखंडी अँगलच्या फ्रेमवर बसवायची, पट्टा वरून खाली चक्कीवर. फॅब्रिकेटरने फ्रेम मागच्या भिंतीत बोल्टने पक्की केली. १३,८००. चक्की चालू केली आणि पाच मिनिटांत वरच्या काकू खाली. त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजत होती. भिंतीला हात लावला तर हाताला मुंग्या. शिवाय पट्टा पुलीच्या कडेला सरकत होता.

भिंतीचे बोल्ट काढले. फ्रेमला चार पाय देऊन जमिनीवर उभी केली, आडवे बांध वाढवले, पायांखाली रबरी पॅड. जास्तीचे ३,००० आणि पॅडचे १,६००. पट्टा सरकायचं कारण वेगळं निघालं : दोन पुल्या एका रेषेत नव्हत्या, दोऱ्याने ताणून पाहिलं तर अर्ध्या इंचाचा फरक. मोटारचे बोल्ट बसतात ती भोकं लांबट केली म्हणजे सरकवून जुळवता येतं. फॅब्रिकेटरला हे आधीच सांगा. पट्ट्याला जाळीचं आवरणही आधीच सांगा, कारण आता तो डोक्याच्या उंचीवर फिरतो आणि गिरणीत साडीचा पदर असतोच.

३ सप्टेंबर, मंगळवार

भिंती. पाण्याच्या रेघेच्या वर फूटभर ओल चढलेली आहे आणि खार फुटतो आहे. गिलावा खालून चार फूट तोडून विटा उघड्या केल्या, चुना मारला. मजुरीसकट ६,०००. टाइल्स लावून घ्या असा सल्ला सगळे देतात. ओल्या भिंतीवर टाइल्स लावल्या तर ओल आतच राहते, पुढच्या पावसाळ्यात टाइल्ससकट गिलावा येतो. दिवाळीनंतर बघू.

ओल्या गाळ्यात पिठालाही ओल लागते. गहू तोच, दगड तेच, पण पीठ चिकट येतं आणि दगडाच्या चऱ्या भरतात. एक्झॉस्ट पंखा दिवसभर चालू ठेवतो आणि दळण पडलं की लगेच डब्यात, बाहेर पसरून ठेवत नाही.

६ सप्टेंबर, हरतालिका

उद्या गणपती. मोदकाच्या पिठीसाठी सकाळपासून रांग, धुऊन सावलीत वाळवलेला आंबेमोहोर, बासमतीचा तुकडा, जे ज्याच्या घरचं. पल्व्हरायझर सकाळपासून रात्रीपर्यंत चालला. तांदूळ पुरता वाळलेला नसेल तर जाळी बुजते, म्हणून एक दाणा दाताखाली फोडून बघायचं काम नानांकडे. ज्यांचा दमट होता त्यांना त्यांनी परत पाठवलं. त्यातल्या एक बाई रागावून गेल्या आणि दुपारी पंख्याखाली वाळवून परत आल्या.

गव्हाची चक्कीही आज दुपारी पहिल्यांदा गिऱ्हाइकासाठी चालली. त्याआधी नव्या दगडांवर दोन पोती कोंडा दळून फेकला.

२२ सप्टेंबर, रविवार

हिशेब बसवला. डब्यांची भरपाई आणि साफसफाई १५,३००, दोन्ही मोटारी १८,१००, दगड ९,६००, वीज १९,५००, फ्रेम १८,४००, भिंती ६,०००, व्हॉल्व्ह आणि फळी ४,७००, काटा २,३००. एकूण ९३,९००. बंद राहिलेल्या दिवसांची कमाई यात धरलेली नाही. विम्याचे १४,२०० आले. पंचनाम्याचं अजून काही नाही.

यातले टाळता आले असते ते पहिल्या वाइंडिंगचे, भिजलेल्या दगडावर लावलेल्या टाकीचे आणि फ्रेमच्या दुरुस्तीचे.

१४ ऑक्टोबर

डंक्याची मोटार आज उघडली. मिरचीचा हंगाम उन्हाळ्यातला, घाई नाही म्हणून ती पुराच्या चिखलासकट कोपऱ्यात होती. रोटर आत गंजून धरलेला, शाफ्ट हलत नाही. वाइंडिंगवाला म्हणतो, नवीनच घ्या. जी मोटार लागणार नाही तीसुद्धा पहिल्या आठवड्यात खोलून, धुऊन, वाळवून, तेल लावून ठेवा. बेअरिंगवर भागलं असतं तिथे आता मार्चच्या आत १७-१८ हजारांची सोय करायची आहे.

विम्याची नवी पॉलिसी घेतली : भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे याच नावाने आणि त्याच अटींवर मिळते, एका जागेवरची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या धंद्याला, पूर मूळ पॉलिसीतच धरलेला. मशिनरी वेगळी लिहिली, प्रत्येक मोटार नंबरप्लेटसह. विमा खऱ्या किमतीपेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी भरला गेला तरी त्यासाठी दाव्यातून कापत नाहीत, पण नानांनी सांगितलेल्या १९८८ च्या किमती लावल्या असत्या तर तेवढ्यात भागलं नसतं, म्हणून आजच्या बाजारभावाची कोटेशनं जोडली. गिऱ्हाइकांच्या धान्यासाठी "ताब्यातला परक्याचा माल" अशी वेगळी ओळ, तीस हजारांची. एजंटने विचारलं, लोकांच्या डब्यांचा विमा कोण काढतं? मी म्हटलं, लिहा.

डब्यांची वहीही सुरू केली आहे. फ्लॅट नंबर, धान्य, वजन, आल्याची वेळ. नानांना ती पसंत नाही, रांग वाढते म्हणतात. सकाळी माझी पाळी असते तेव्हा ती भरली जाते, संध्याकाळची पानं कोरी असतात.

भिंत अजून वाळलेली नाही.